चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

उत्तरं ग्रुपवर आली तेव्हा मी भोपळ्याच्या घाऱ्या तळत होते. ओट्यावर, तेल उडणार नाही इतक्या अंतरावर मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता, आवाज बंद. पडद्यावर टाय लावलेला एक तरुण माणूस हातवारे करत विम्याचे बदललेले नियम समजावून सांगत होता. दर दहा-पंधरा मिनिटांनी खाली एक चौकोन उगवायचा, ‘आपण उपस्थित आहात का?’ मी करंगळीने ‘होय’ दाबायची, कारण तेवढंच एक बोट कोरडं असायचं, आणि पुन्हा झारा हातात घ्यायची. असं ते माझं प्रशिक्षण.

मी विमा एजंट आहे, बावीस वर्षं झाली. आमची कंपनी दरवर्षी एजंटांना काही तास नवे नियम शिकवते, शेवटी परीक्षा घेते, आणि ती पास झाल्याशिवाय एजंटचा कोड चालू ठेवत नाही. कोड म्हणजे आमचा नंबर. तो बंद पडला की नवी पॉलिसी देता येत नाही, दुकानाला कुलूपच. नियम चांगला आहे, पण आमच्या शाखेत त्यातून एक वाट निघाली होती. जो कोणी परीक्षा आधी देईल त्याने उत्तरांचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि बाकीच्यांनी तो बघून टिचक्या मारायच्या. त्या दिवशीही फोटो आला. १ ब, २ अ, ३ अ, असं खाली खाली पंचवीसपर्यंत. प्रश्न वाचायची गरजच नव्हती. मला शंभर टक्के मिळाले. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, “वा! आणि घाऱ्या कुठे आहेत?”

खरं सांगायचं तर मला शिकायची गरज आहे असं मला वाटतच नव्हतं. पहिली परीक्षा दिली तेव्हा आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत होतो. मी ते अख्खं पुस्तक पाठ केलं होतं, कपडे वाळत घालता घालता कलमं म्हणायची. तेव्हापासून नियम मला तोंडपाठ. आमच्या ब्लॉकमधल्या हळदीकुंकवाला बायका वाण घ्यायच्या आणि वर विम्याचा एक प्रश्न विचारून जायच्या. मी पुस्तक न उघडता उत्तर द्यायची. त्याचा मला फार अभिमान होता. आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

त्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर, ताई राहायच्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, एकट्या. एका मंत्रालयात आवक-जावक विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख घालायची, नंबर द्यायचा, रजिस्टरात नोंद करायची, हेच काम. ती सवय घरीही आली होती. पत्र आलं, बिल आलं, लग्नपत्रिका आली, की पाकिटाच्या कोपऱ्यात लाल शाईने तारीख आणि घरच्या वहीत नोंद. वहीत रकाने आखलेले. कुणाकडून, विषय काय, माहिती कशी, म्हणजे ऐकीव की खात्रीची, पुढे काय केलं. मी त्यांना चिडवायची, “ताई, आमच्या घरून वाटीभर आमटी आली तर तिला काय नंबर देता?” त्या हसायच्या नाहीत. “आमटीची पोच दिली की. वाटी परत आली ना?” म्हणायच्या.

आम्ही दिल्लीतच द्वारकेला फ्लॅट घेऊन गेलो तरी येणंजाणं राहिलं. या वर्षी ताई निवृत्त झाल्या. क्वार्टर आणखी काही महिनेच ठेवता येणार होतं. तेवढ्यात नोएडाकडे एखादी खोली बघून जायचं, त्यासाठी निवृत्तीच्या पैशातला एक हिस्सा बाजूला, असं त्यांचं ठरलं होतं.

माझी परीक्षा होऊन आठ दिवस झाले असतील. बुधवारी दुपारी ताई मेट्रोने आमच्याकडे आल्या. पिशवीतून एक जाड पाकीट काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

“हे जरा बघ गं. बँकेतल्या मुलीने सांगितलं, पाच वर्षांचं डिपॉझिट आहे, व्याज जास्त. बिल्कुल सेफ. आता घरी नीट वाचलं तर यात दरवर्षी भरायचं लिहिलंय.”

मी वाचलं. डिपॉझिट कसलं, विम्याचीच पॉलिसी होती ती, दुसऱ्या एका कंपनीची, बँकेतून विकलेली. दहा वर्षं, दरवर्षी तेवढाच हप्ता. खोलीसाठी ठेवलेले पैसे पहिल्या हप्त्यातच गेले होते. पुढचा हप्ता पेन्शनमधून भरणं शक्य नव्हतं, आणि नाही भरला तर पहिल्यातलं फारसं काही परत मिळणार नव्हतं.

आणि मला काय झालं असेल? मला राग आला. त्या मुलीचा नाही, ताईंचा. बावीस वर्षं विमा करणारी बाई ओळखीची असताना या बँकेत जाऊन सही करून येतात! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पाकीट उलटं करून कोपऱ्यातली लाल तारीख बघितली, बोटांवर मोजलं, आणि म्हणाले, “हातात पडून एकोणीस दिवस झाले. पॉलिसी परत करायची मुदत पंधरा दिवसांची असते. चार दिवस आधी आला असतात तर. आता काही होत नाही, ताई.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “काहीच नाही?”

“नियमच आहे तो.”

त्यांनी कागद होते त्याच घड्यांनी पुन्हा पाकिटात घातले. मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत मी दारात उभी होते. वाईट वाटत होतं, पण त्यात थोडंसं ‘बघा, मला विचारलं असतं तर’ हेही होतं. ते लपवत नाही.

शुक्रवारी आमच्या शाखेच्या साहेबांचा फोन आला. ते हिंदी बोलणारे, एरवी मोठे गोड. त्या दिवशी आवाज उतरलेला.

“मॅडम, गड़बड़ हो गई है. पूरी ब्रांच के सौ में से सौ. ऊपर वालों को शक हो गया. सबका दोबारा होगा, सामने बिठाकर. अगले शनिवार, ग्यारह बजे, करोल बाग. जो नहीं आएगा, उसका कोड होल्ड.”

माझं धाबं दणाणलं. कंपनीने एक पुस्तिका दिली होती, ती मी पिशवीतून काढलीच नव्हती. आता काढली. पहिल्याच धड्यात तीन गोष्टी अशा की मी कधी ऐकल्या नव्हत्या. वाचलेलं पुढच्या पानावर जाईतो पुसून जायचं. पाठांतराचं वय राहिलं नव्हतं. भाजी चिरताना मध्येच हात थांबायचा. नापास झाले तर? साहेब ग्रुपवर यादी टाकतात, पास कोण, नापास कोण. त्या यादीत माझं नाव खाली दिसेल, आणि नव्याने लागलेली पोरंसोरं अंगठे वर करतील. चोपन्नाव्या वर्षी. नवरा म्हणाला, “गेला कोड तर गेला, आता आराम कर.” त्या वाक्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी साहेबांच्या फोनने वाटली नव्हती. या घरात पगार त्याचा, फ्लॅट त्याच्या कर्जाचा. कोड तेवढा माझा होता.

शनिवार उजाडला तेव्हा दोन धडे वाचायचे राहिले होते. म्हटलं मेट्रोत वाचू. द्वारकेहून करोल बाग एकाच गाडीत, बदलायची भानगड नाही. बसायला जागाही मिळाली. मोती नगरच्या आसपास मी ‘ग्राहकाचे हक्क’ या धड्यावर आले आणि तिथे साधं, ठळकही न केलेलं वाक्य होतं. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ग्राहक ती परत करू शकतो. पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मोबाइल काढला आणि ग्रुपवरचा तो उत्तरांचा फोटो शोधला. पुस्तिकेच्या शेवटी सरावाचे प्रश्न होते, परीक्षेत आले तेच, असं ग्रुपवर सगळे म्हणत होते. चौदावा प्रश्न, पॉलिसी परत करण्याची मुदत किती? अ, दहा दिवस. ब, पंधरा. क, वीस. ड, तीस. फोटोत चौदासमोर ‘ड’ होतं. म्हणजे ताई माझ्याकडे आल्या त्याच्या आठ दिवस आधी मी स्वतःच्या बोटाने तीस दिवसांवर टिचकी मारली होती. बरोबर म्हणून गुणही घेतला होता. आणि ताईंना तोंडाने पंधरा सांगितले होते.

मी बोटांवर मोजायला लागले. बुधवारी एकोणीस. गुरुवार वीस, शुक्रवार एकवीस. मोजणी चुकली, पुन्हा केली. आज एकोणतिसावा दिवस. तिसावा रविवारी, ऑफिस बंद. म्हणजे आजच. त्या दुसऱ्या कंपनीचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर, हे मला माहीत होतं, कुणाच्या तरी क्लेमसाठी मी एकदा तिथे गेले होते. शनिवारी कागद घेणारी खिडकी एक वाजता बंद होते. मोबाइलवर दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि माझी परीक्षा अकराला.

पुढची तीन स्टेशनं माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी गप्प बसले तर कुणालाही कळणार नव्हतं. ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून विषय मिटवला होता. त्या दुसऱ्या कुणाला विचारायला जाणाऱ्यातल्या नाहीत. परीक्षा द्यायची, कोड वाचवायचा, आणि या तीस दिवसांचं नाव काढायचं नाही. उद्यानंतर तर नियमानेही काही करता आलं नसतं. एवढं सोपं होतं ते. मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

राजेंद्र प्लेस गेल्यावर मी ताईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. करोल बाग आलं, दारं उघडली, आमच्या शाखेतल्या दोन जणी पुढच्या डब्यातून उतरताना दिसल्या. एकीने मला हात केला. फोन वाजत होता. दारं बंद झाली आणि मी आतच राहिले. मोठा निर्णय वगैरे काही घेतला नव्हता, फोन कानाला होता आणि पाय हलले नाहीत, इतकंच.

झंडेवालानला ताईंनी फोन उचलला. “अगं, मार्केटात होते. या गर्दीत ऐकूच येत नाही. काय झालं?”

“ताई, मी चुकले,” मी म्हटलं. डब्यातले लोक बघायला लागले. “तीस दिवस आहेत. पंधरा नाही, तीस. ते पाकीट घ्या, पॉलिसी घ्या, आधार, बँकेचं पासबुक, जे असेल ते घ्या, आणि ऑटोने कस्तुरबा गांधी मार्गावर या. आत्ता. एकच्या आत.”

मला वाटलं, आता विचारतील, तू तर नाही म्हणाली होतीस. त्या म्हणाल्या, “पाकीट म्हणजे वरचं कव्हरही ना?”

“हो, तेच पहिलं.”

ऑफिसच्या दाराशी मी जवळजवळ दीड तास ताटकळले. साहेबांचे चार फोन येऊन गेले, पाचवा मी उचलला. “मॅडम, आप कहाँ हैं? हाज़िरी लग रही है.” मी म्हटलं, सर, नाही येऊ शकत. ते म्हणाले, “सोच लीजिए.” अर्ज मी पुस्तिकेच्याच मागच्या कोऱ्या पानावर लिहून काढत होते, कच्चा, मग पक्का. खाडाखोड इतकी झाली की कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून कागद आणावे लागले. पावणेबारा, बारा, बारा दहा. रस्त्याने येणारी प्रत्येक ऑटो मी वाकून बघत होते. बारा वाजून वीस मिनिटांनी ताई उतरल्या. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, तीत मुळ्याची पानं वर आलेली. घरी जाऊन पाकीट घेतलं, पण पिशवी खाली ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

खिडकीवरच्या माणसाने पॉलिसी हातात घेतली, वरची छापील तारीख बघितली आणि कागद परत सरकवले. “तैंतीस दिन हो गए. टाइम निकल गया.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नियम बोलून दाखवायला मी तोंड उघडलं, पण गेल्या वेळी नियम मीच सांगितला होता, ते आठवलं आणि मी पर्समध्ये पुस्तिका शोधायला लागले. ताईंनी पाकीट काचेला टेकवून धरलं. टपालाचा शिक्का आणि त्याच्या शेजारी लाल शाईतली त्यांची तारीख, खाली सही.

“छापने की तारीख नहीं, मिलने की तारीख देखिए,” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “स्पीड पोस्ट का नंबर इस पर है. आप अपने कंप्यूटर में देख लीजिए किस दिन डिलिवर हुआ. मैं रुकती हूँ.”

तो बघत बसला. मागच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याकडे न बघायचं मी ठरवलं आणि दर मिनिटाला बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, “ठीक है, उनतीस.” मग मान वर करून, “आंटी, इतने दिन क्यों रुकीं? पहले आना था ना.”

मी खाली बघितलं.

“टाइम नहीं मिला,” ताई म्हणाल्या.

शिक्का मारलेली पोच हातात आली तेव्हा एक वाजायला बारा मिनिटं होती. पैसे पुढे महिन्याभरात ताईंच्या खात्यात आले, थोडी कापाकापी होऊन. माझा कोड दोन महिने बंद राहिला, ग्रुपवरच्या यादीत माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ आलं आणि पुढच्या तुकडीबरोबर मी बसले तेव्हा तो चौदावा प्रश्न आलाच नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही जवळच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये जाऊन बसलो. शनिवार असल्याने गर्दी होती, सगळीकडे मराठी. ताईंनी पोहे मागवले. म्हटलं आता बोललंच पाहिजे.

“ताई, नियम बदललेला मला माहीत नव्हता हे खरं. पण त्या दिवशी मी बघायचेही कष्ट घेतले नाहीत. तुम्ही बँकेतून घेतलीत म्हणून मला राग आला होता.”

“दिसत होता की तोंडावर,” त्या म्हणाल्या. “मेट्रोत परत जाताना मला वाटलं, रागावलीय म्हणून तर नाही म्हणाली नसेल? दुसऱ्या कुणाला विचारावं का? मग म्हटलं, छे, रागावेल, पण नियमाच्या बाबतीत ती चुकीचं सांगणार नाही.”

भाजीच्या पिशवीत मुळ्यांशेजारी खोचलेली त्यांची वही होती. पाकिटाबरोबर तीही आली होती. पोच नोंदवायला त्यांनी ती उघडली आणि मला वरची नोंद दिसली. बुधवारची. लाल आणि निळ्या शाईत, त्यांच्या त्या सुबक अक्षरात. ‘पॉलिसी परत करणेबाबत. मुदत १५ दिवस, संपली. माहिती खात्रीची. विषय बंद.’

“हे खोडा ना,” मी म्हटलं.

“नोंद खोडायची नसते. खाली नवीन घालतात.” त्यांनी तारीख घातली, नंबर घातला, विषय लिहिला. ‘मुदत ३० दिवस’ लिहिलं. माहितीच्या रकान्याशी पेन थांबलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. नव्या माणसाचे कागद हातात घेताना त्या ऑफिसात बघत असतील तसं.

मी पर्समधून पुस्तिका काढली, ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. ताईंनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून त्यांनी ते वाक्य वाचलं, मग तो पूर्ण परिच्छेद, मग पान उलटून मागचंही. पोहे गार झाले. सगळं वाचून झाल्यावरच त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, ‘स्वतः पाहिले.’